चंद्रावतीचे जाकीट

चंद्रावतीला तू किती ओळखत होतास, असे आज कोणी विचारले तर सगुण मान खाली घालील. ती सर्वण गावची, डिचोलीच्या बाजारात शिवणकाम करायची, चहात साखर जास्त घ्यायची. यापलीकडे त्याला फारसे सांगता यायचे नाही. पण त्या रविवारी तो मैदानावर होता, एवढे तो छातीठोकपणे सांगेल.

गोवा घटक राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. गॅरेजवाला कृष्णनाथ शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून घोडेमोडणी नाचायचा. हातात तलवार, पण ती कोणाला लागायची नाही. "नाचून पाय दमले, लढायचं कधी?" म्हणत त्याने पाचसहा जण जमवले. वेताला सायकलची ट्यूब गुंडाळून तलवारी केल्या, डोक्यावर स्कूटरची हेल्मेटे घातली. उस्ताद नाही, सलामी नाही. जो वार खरोखर लागतो तो शिकायचा, बाकीचे सोडून द्यायचे. नियम एकच. ज्याला लागेल त्याने स्वतः ओरडायचे, "लागलें!" तेव्हा भाषेवरून घराघरांत वाद चालले होते, हा शब्द मात्र कोकणी की मराठी, हे मैदानावर कोणी विचारले नाही.

अंगाला मार बसू नये म्हणून चंद्रावतीने कापूस भरून जाकिटे शिवून दिली. आणि ओरडणेच बंद झाले.

"तुझ्या ह्या गादीतून लागलेलं कळतच ना गे," कृष्णनाथ म्हणाला. "बेळगावहून दुसरी मागवूया."

"कळत ना, की सांगवत ना?" हातातली सुई पदराला टोचत चंद्रावती म्हणाली. "घाल ते हेल्मेट. मी उतरते."

सगुणने आपले जाकीट तिला दिले. ते गुडघ्यापर्यंत आले. "आता निजून घे त्यात!" कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

पण दर रविवारी दोरा ओवता ओवता ती सगळे बघत आली होती. कृष्णनाथचे पहिले दोन वार तिने चुकवले. तिसऱ्याला ती बाजूला सरली आणि तिने त्याच्या खांद्यावर एक ठेवून दिली. तो गप्पच. आपला पुढचा वार हुकला असे समजून तो मागे फिरत होता, तेवढ्यात ती ओरडली, "लागलें!"

"खंय?" कृष्णनाथ आपल्या वेताकडे बघत राहिला. "माकाच कळलं ना!"

"पाठीला. डावीकडे, शिवणीखाली. टोक घासून गेलं."

"म्हणजे हरलीस गे तू!"

"मी हरले. जाकीट नाही."

कृष्णनाथने हेल्मेट काढले. खांदा चोळत, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मघाशी माकाय लागलेलें."

"म्हाईत आसा," ती म्हणाली.

बेळगावचे नाव पुन्हा निघाले नाही. चंद्रावती दर रविवारी उतरू लागली. पुढे कारापूरहून, वाळपईहून पोरे शिकायला आली. ती आधी त्यांना ओरडायला शिकवी, मग मारायला. आपल्या जाकिटात ती पहिल्यांदा लढली, हे सांगताना सगुणची वाकलेली पाठ अजून ताठ होते.

त्या दोघांचे शेवटचे बोलणे तिच्या दुकानात झाले. तेच जाकीट घेऊन तो गेला होता.

"ठेव थंय. काखेत काचतं काय रे?"

"थोडं. पहिल्यापासूनच."

"आणि आता सांगतोस?"