राबाचा धूर

माझ्या अंगात गुण थोडे आणि राग फार, असं माझी आई सांगायची. खोटं नव्हतं. पण एक गुण मी स्वतः कमावला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. चूक झाली की ती मी आपल्या तोंडानं सांगून मोकळी होते. आयुष्यात दुःखं काही कमी आली नाहीत, पण मन कधी कुजलं नाही ते त्यामुळेच.

माझं माहेर मुरबाडचं, म्हसा गावाजवळचं. सासर शहापूरकडे, डोंगराच्या पायथ्याला. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. बाजारात तांदूळ दिसेनासा झाला होता आणि शेतात पिकेल तेवढंच ताटात येणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. आमचे हे कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर होते. सासरे हिवतापानं अंथरुणावर. म्हणून त्या वर्षी राब भाजायचं काम माझ्याकडे आलं.

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायचा तुकडा. त्यावर शेण, वाळलेला टहाळा म्हणजे झाडांच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे पालापाचोळा, गवत आणि वरून माती घालून उन्हाळ्यात तो भाजतात. तणाचं बी जळतं, रोप जोमानं येतं. आग मात्र वाऱ्याच्या विरुद्ध चालली पाहिजे, म्हणजे ती सावकाश सरकते आणि माती खोलवर तापते.

"वारा बघून लाव गो," सासूबाई म्हणाल्या.

"ठाव हाय मला. आमच्या मुरबाडला काय राब नाय भाजीत?"

माहेरचा तोरा, दुसरं काय! माहेरी मी पातेरा वाहिला होता, आग कधी लावली नव्हती. ते काम बापाचं. शेतावर गेले, तर वारा येत होता त्या बाजूला आंब्याची सावली होती. ऊन कोण खातंय, म्हणून तिथूनच पेटवलं. आग वाऱ्याबरोबर या बांधापासून त्या बांधापर्यंत भर्रकन पळाली आणि घटकाभरात सगळं आटोपलं. काठीनं उकरून पाहिलं, तर पातेरा गेलेला आणि खालचं शेण जसंच्या तसं. माती हाताला गार लागली.

पाहायला कोणी नव्हतं. मी राख सगळीकडे सारखी पसरली, घरी आले आणि सांगितलं, "झाला राब."

"बरा झाला," सासूबाई म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

पुढचे दोन दिवस मी भांडी आपटली, शेळीवर ओरडले. आत्ता सांगितलं तर नवा टहाळा तोडून, वाळवून पावसाआधी पुन्हा राब भाजता आला असता. गप्प राहिले तर रोप तणात गुदमरणार होतं, घरात वर्षभर तांदूळ पुरणार नव्हता. पण दोष पावसाला गेला असता, नाही तर बियाण्याला. माझं आणि माझ्या माहेराचं नाव राहिलं असतं. या विचाराची मला भुरळ पडली होती, हे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे घोंगडी पांघरून ओट्यावर उन्हाला बसले होते. मी गोठ्यात शेण भरत होते. गोठ्यापासून ओटा वीस पावलं. तोवर मी सासऱ्यांशी कधी थेट बोललेही नव्हते; काय असेल ते सासूबाईंकडून. शेणाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मामा, राब जलला नाय. वाऱ्याच्या अंगानं पेटवला मी. माझा चुकला. वर राख पसरून तुमाला फसवला."

सासरे खोकले. "ठाव हाय," म्हणाले.

दारातून सासूबाई बोलल्या, "अगो, चांगला राब सांज होईपावत धुमसतो. आमी हितं बसून बघतोय, तर तुझा धूर जेवणाच्या आधीच गेला! कोंबडा झाकला म्हणून तांबडा फुटायचा ऱ्हातो काय?"

मी राख तेवढी झाकली होती. धूर अख्ख्या गावाला दिसतो, हे डोक्यातच आलं नव्हतं! रडू यायला हवं होतं, पण मला हसू फुटलं. सासूबाईही तोंडाला पदर लावून हसल्या.

"मंग बोलला का नाय?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडून यावा म्हणून," सासरे म्हणाले. "उद्या मीच बोलणार व्हतो. पाऊस काय थांबाचा नाय."

मग मी घरोघर फिरले. राब बिघडवलाय, वाळका टहाळा असेल तर द्या, म्हणून मागितलं. "काय गो मुरबाडवाली, तुमच्याकडं वारा उलटा वाहतो काय?" असं सगळ्यांनी चिडवून घेतलं. एरवी मी एकेकीला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी निमूट ऐकलं आणि भारे डोक्यावर घेतले. कमी पडला तेवढा टहाळा सासूबाईंनी आणि मी तोडला, वाळवला. दुसऱ्यांदा राब नीट भाजला आणि त्या वर्षी घरचा तांदूळ घरात पुरला.

पुढच्या वर्षी सासरे ठणठणीत होते. खापरात विस्तव घेऊन ते स्वतः राबावर आले. मूठभर राख उडवून वारा पाहिला आणि खापर माझ्या हातात दिलं.

बांधावरचा शेजारी म्हणाला, "गेल्या साली हिनंच घालवला ना?"

"हिनंच," सासरे म्हणाले. "बिघडला तर हीच सांगल."

त्या दिवशी मी घरी येऊन ओट्यावर बसले आणि दिवेलागण होईपर्यंत माझ्या राबाचा धूर बघत राहिले.