टाकीतला प्रॉम्प्टर

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही. मी फिजिक्स शिकवतो. आवाज कसा निघतो, कसा परततो, हे मला कुणी सांगायला नको. तरीही हे लिहितोय...

बदनापूरला आमचं छोटं नाटकघर आहे, ते पाण्याच्या जुन्या गोल टाकीत. जमिनीवरची टाकी, गळायची म्हणून सोडून दिलेली. आम्ही भिंत फोडून दार केलं, आवाज घुमू नये म्हणून आतून गोणपाट लावलं. तरी साधी कुजबुजही सगळ्यांना ऐकू जायची — म्हणून आमच्याकडे आडून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर नाही. नियम माझाच. विसरलात तर तुमचं तुम्ही निस्तरा!

नाटक मीच लिहिलेलं. त्यात एकच बाई, सुनंदाताई. अंगणवाडी सेविका. सासऱ्यांनी त्यांना बजावलं होतं, "एक खेळ बघतो. हसं झालं तर मंग नाटक बिलकुल बंद." आणि रविवारी दुपारी ते पहिल्याच रांगेत येऊन बसले.

नवरा घर विकायला काढतो तो प्रसंग. नवऱ्याचं बोलून झालं आणि ताई ब्लँक! मी दाराशी लाइट सांभाळत होतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला, शांत, अगदी कानाशी — "मला एकदा विचारलं असतं तर?"

ताईंनी तेच वाक्य उचललं आणि उरलेला प्रयोग असा रंगला की विचारू नका. मी मात्र गारठलो होतो. ते वाक्य नाटकात नव्हतंच! मोटारसायकलवरून येताना मला सुचलं होतं, भाबडं वाटलं म्हणून तिथंच सोडून दिलं होतं. कुठं लिहिलं नाही, कुणाला बोललो नाही.

"सर, कोणाला बसवलं होतं आत? वाचवलं बाई तिनं," ताई म्हणाल्या.

दोघांनाही भास झाला असेल, असं मी म्हणणार, एवढ्यात सासरे आले. "जयभीम सर. ती सांगणारी बाई कोण व्हती? मला बराबर ऐकू आलं."

बाकी एकाही प्रेक्षकानं काही ऐकलं नव्हतं. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी शांतता आहे, मग थेट ताईच बोलतात. गोणपाट उचकटून भिंतसुद्धा तपासली मी... उत्तर नाही. अजूनही नाही.

सासरे मात्र दारात घुटमळले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "सुनंदा, तुला काय वाटतं? करायचंय का पुढं?"

ताईंना रडूच फुटलं. "करायचंय, मामा," एवढंच त्या कशाबशा बोलल्या.