फाटकाबाहेरची आई

आमच्या घरातले किस्से चपलेतल्या वाळूसारखे आहेत. कितीही झटकून निघाले तरी थोडे माझ्याबरोबर येतातच. 'आमचं घर' म्हणजे अर्नाळ्याचा बंगला. मन फार बिनसलेली तरुण मुलं इथे थोडे दिवस राहून जातात. त्यांना पेशंट म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. मी तिथली दिवसाची ताई. माझी स्वतःची लेक नुसती शिंकली तरी मी गूगल उघडते. अशा बाईला इथे कोणी नेमलं, हा पहिला किस्सा. तो मलाही अजून उलगडलेला नाही.

*

जूचंद्रची सानिका, कॉलेजात शिकणारी, एकच अट घालून आली: आईला आत सोडायचं नाही. "मला जगायचंच नाही," असं ती घरी बोलून गेली होती. तेव्हापासून आई उशाशी बसून तिच्याकडे बघत राहायची. "ती बघत असली की मला श्वास घेता येत नाही," सानिका म्हणाली.

पाहुण्याने हो म्हटल्याशिवाय भेट नाही, हा आमचा नियम. त्यामुळे आई रोज यायची, फाटकाबाहेरच्या बाकावर बसायची आणि संध्याकाळी परत जायची. वरती सानिका खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. सानिका घरी परत कशी जाणार, या काळजीने मी आपली दोघींमध्ये हेलपाटे घालायचे.

*

लक्ष ठेवायचं, पण मागे मागे करायचं नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मला त्यातलं अर्धंच जमलं. कोणी बाथरूममध्ये गेलं की मी दार वाजवायचे. शेवटी पाहुण्यांनी मीटिंग घेऊन ठरवलं, आंघोळ करताना गाणं म्हणायचं, "म्हणजे ताईंना जरा आराम पडेल."

सानिकाला गाणं येत नव्हतं. ती पाढे म्हणायची. एकदा सतराच्या पाढ्यात मधेच गप्प झाली. मी धावत जाऊन दार बडवलं.

आतून आवाज आला, "ताई, सतरा सत्ते किती?"

मला येत नव्हतं.

*

स्वयंपाकाला फिलोमावशी, अर्नाळ्याच्याच. इंटरनेट बघून नुकताच शाकाहारी झालेल्या रोहन नावाच्या पाहुण्याने त्यांच्या जिवाला घोर लावला होता. एक दिवस त्याच्या आमटीला वास आला. मी जाब विचारला.

"बोंबील नाय टाकला, बाय. नुसता बुडवून काढला."

मी रोहनची माफी मागायला गेले. तो वाटी पुसून खात होता. म्हणाला, उद्या जरा जास्त वेळ बुडवायला सांगा.

*

एकदा नेहमीच्या डॉक्टरांऐवजी नवे डॉक्टर आले. आमच्याकडे कोणी कोट घालत नाही, सगळेच मिळून भाजी निवडतात. मी आणि सानिका मेथी घेऊन बसलो होतो. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि मलाच विचारायला सुरुवात केली. झोप लागते का, सतत काळजी वाटते का, काहीतरी वाईट होईल असं वाटतं का. नवीन आहेत, स्टाफचीही चौकशी करत असतील, म्हणून मी खरी खरी उत्तरं दिली.

ते फार हळुवारपणे म्हणाले, "इथे राहा थोडे दिवस. बरं वाटेल."

सानिकाने मान वरसुद्धा केली नाही. "सर, त्या रोज येतात. अजून काही फरक नाही."

*

परवा दुपारी मावशी फाटकापाशी गेल्या आणि सानिकाच्या आईला म्हणाल्या, "नुसती बसून काय करते? ही करंदी सोल." आईने त्या बारीक कोळंबीचं ताट मांडीवर घेतलं, चार-दोन सोलल्या आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. मान कंपाउंडच्या भिंतीला, तोंड उघडं. मांजर बाकावर चढलं आणि निवांत जेवायला बसलं!

मी हे वरच्या खिडकीतून बघत होते. पडदा बाजूला सारून सानिकाही बघत होती. मी निघाले, तर ती माझ्याआधी जिना उतरली. अनवाणीच फाटकाबाहेर गेली, मांजराला हाकललं, ताट हलकेच काढून खाली ठेवलं. आता ही परत येणार, असं मला वाटलं.

ती आईशेजारी बसली. आईकडे बघत. बराच वेळ. मीही फाटकाआड जाऊन उभी राहिलेच, ते काही सांगायला नको.

आई दचकून जागी झाली. "काय गं? काय झालं? अशी काय बघतेस?"

"काही नाही," सानिका म्हणाली. "झोप तू. मी आहे."