कुंपणाखालची हरळी

मे सरत आला होता. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मी लॉनसाठी खत घ्यायला गेलो होतो. शेजारी सुमनबाई उभ्या होत्या. माझ्या बंगल्याला लागूनच त्यांचं वावर आहे. त्यांनी तणनाशकाची बाटली मागितली.

"कशावर मारायचंय?" दुकानदारानं विचारलं.

"हरळीवर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ह्यांच्या लॉनातली हाय. कुंपणाखालनं माझ्या वावरात घुसलीय. दोन वर्सं खुरपून बोटं फुटली माझी."

"गवत काही मला विचारून पसरत नाही," मी म्हणालो.

"पाणी तर तुम्हीच घालता की."

दुकानदारानं मान खाली घालून माझं पोतं पुढं सरकवलं. त्यावर हिरवळीत अनवाणी पळणारी मुलं छापली होती. एकच गवत मी पोसत होतो आणि त्या उपटत होत्या. मध्ये फक्त तारेचं कुंपण होतं. हे मला तिथंच उमगलं, पण मन काही निवळलं नाही. उलट त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी पोतं उचललं आणि निघालो.

पंधरा दिवसांत कुंपणाच्या माझ्या बाजूचा हातभर रुंद पट्टा पिवळा पडून मेला. सुमनबाई पलीकडे बांधावर उभ्या होत्या.

"औषध इकडं उडालेलं दिसतंय," मी म्हणालो.

"उडालं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "मारलं."

मी तिथून हललो नाही. त्याही हलल्या नाहीत.