गायरानाच्या हद्दीवरचा वळसा

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते, पण निव्वळ वाचन म्हणून. खरे कधी मानले नाहीत. आजही मानते असं नाही... एक गोष्ट मात्र सुटत नाही, म्हणून लिहिते.

मी लातूरला एका खासगी मोजणी ऑफिसात नकाशांचं काम करते. सर्वेअर मोबाईल घेऊन हद्दीवरून चालतो, त्याच्या चालीची रेघ आमच्या संगणकावर उमटते. ती तपासून मी पुढे पाठवते. मागच्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळ तालुक्यातली गायरानं आली. झाडं लावायची होती — जेवढं रेघेच्या आत, तेवढ्यात जेसीबीने खड्डे. त्यात आमचं गावही होतं.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. आमच्याकडे एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत, वर दगड ठेवत नाहीत, आणि आईला जागा सांगत नाहीत. सासऱ्यांनी — मी त्यांना मामा म्हणते — तिला गायरानात नेलं, एवढंच मला माहीत. विचारलं की ते उठून गोठ्यात जायचे. नवरा म्हणायचा, कळून तुला काय करायचंय?

तर, आमच्या गायरानाची पूर्वेची हद्द दोन दगडांमध्ये सरळ आहे. ट्रॅकमध्ये मात्र रेघ मधेच आत वळली होती. आठ-दहा पावलांचा वळसा, मग पुन्हा सरळ. मी ट्रॅक चूक म्हणून परत पाठवला. सर्वेअर नांदेडचा, गाव त्याने आधी पाहिलेलंही नव्हतं. तो पुन्हा चालला. तोच वळसा. मी चिडले. तिसऱ्यांदा ऑफिसने दुसरा माणूस, दुसरा फोन दिला... तसाच. पहिल्याने फोनवर सुनावलं, "म्याडम, मी काय पिऊन चालून राहिलो का? नाकासमोर गेलो की."

तिथे झाड नाही, विजेची तार नाही. उपग्रहाच्या फोटोत नुसता उघडा माळ. ॲपच्या हेल्पलाइनवाले म्हणाले, फोन रिस्टार्ट करा.

शनिवारी गावी गेले तेव्हा वैतागून मामांनाच लॅपटॉप दाखवला. हा ओढा, हे देऊळ, असं सांगत रेघेवर आले. त्यांनी वळशावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"ह्या लोकांला कुणी सांगितलं गं?" ते हळूच म्हणाले. "म्या तर तुझ्या नवऱ्यालाबी सांगितलं न्हाई."

रविवारी सकाळी मी एकटी गेले. फोनवर ट्रॅक सुरू करून दगडापासून दगडापर्यंत चालले. वाटलं, मलाही वळवेल. निदान काहीतरी जाणवेल. काही नाही... ढेकळं, कुसळं, ऊन. आणि रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

ट्रॅक मी ऑफिसच्या लॉगिनवरून काढला होता. शेवटचा ट्रॅक आपोआप अंतिम धरला जातो, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते आणि नेमकी तेव्हाच विसरले. सोमवारी माझीच सरळ रेघ मंजूर. तिची जागा आता रेघेच्या आत, खड्ड्यांच्या हद्दीत. दुरुस्तीचा अर्ज केला, तर पुरावा जोडा म्हणाले. आधीचे तीन ट्रॅक जोडले. साहेब म्हणाले, ते तर तुम्हीच चूक म्हणून परत पाठवलेत.

खड्डे काढायचे त्या दिवशी रजा टाकून गेले. मामा सकाळपासून तिथे पटका गुंडाळून बसले होते. ऑपरेटरने हॉर्न वाजवला, म्हाताऱ्याला जीव जड झालाय का म्हणाला. मामा उठले नाहीत.

"हितं नात हाय माझी," ते म्हणाले. "तिची माय उभी हाय बघ तिकडं. तिला इचार अन् मग खंद."

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मशीन मागे घेतलं.

सिग्नल चुकण्याची कारणं मी सगळी वाचून काढली आहेत. एकही बसत नाही. आणि बसलं असतं तरी माझा प्रश्न तो नाही. दोन परक्या माणसांना तिने बाजूने जायला लावलं... मग मला एकटीलाच अंगावरून का जाऊ दिलं?