व्हिलनसाहेबांचं मरण

व्हिलनसाहेबांइतकं सुंदर मरणारा माणूस मी काशीतही दुसरा पाहिला नाही, आणि काशीत तर या कामासाठी लोक लांबलांबून येतात. साहेब लंडनचे. उभा जन्म त्यांनी इंग्रजी सिनेमांत आणि टीव्हीवर दुष्ट माणसं रंगवली आणि जवळजवळ दर वेळी शेवटच्या रिळाआधी ते मेले. गोळी लागून, कड्यावरून पडून, दुसऱ्यासाठी कालवलेलं विष स्वतःच पिऊन. एकदा मगरीने खाल्लं. "मगर रबराची होती," ते सांगत, "पण पाणी खरं होतं. मला न्यूमोनिया झाला. नायकाला नाही झाला. तो होडीत होता."

नव्वदच्या दशकात बँकेने माझी पुण्याहून बनारसला बदली केली आणि दुर्गाघाटावर एका मराठी वैदिकांच्या घरी मला वरची खोली मिळाली. घर भाऊगुरुजींच्या नावावर होतं. चालायचं ते त्यांच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या हुकमाने. शेजारच्या खोलीत साहेब आधीपासून होते. एका सिनेमात क्रूर कलेक्टर व्हायला ते बनारसला आले, निर्मात्याचे पैसे मध्येच संपले, बाकीचे विमानाने परत गेले आणि साहेब राहिले. का राहिलात, असं विचारलं तर म्हणत, "इथे मला कुणी ओळखत नाही. लंडनमध्ये बायका मला पाहून मुलांना जवळ ओढतात." व्हिसा संपत आला की काठमांडूला जायचे आणि नवा घेऊन यायचे. त्यांचा सिनेमातला धंदा गल्लीला कळला तेव्हा गल्लीने त्यांचं नाव 'व्हिलनसाहेब' ठेवलं आणि मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत राहिली.

काकू सत्तरीच्या, सोवळ्याच्या कडक. साहेबांसाठी त्यांनी बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप ठेवला होता. पडद्यावर अर्ध्या जगाला छळलेला हा सहा फुटी माणूस रोज सकाळी तो कप स्वतः विसळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर धरून उभा राहायचा आणि काकू पातेलं कपाला लागू न देता वरून चहा ओतायच्या. मला या प्रकाराची लाज वाटायची. साहेबांना नाही. "चहाची धार किती उंचावरून येते बघ," ते मला म्हणाले. "आणि एक थेंब सांडत नाही. ही बाई मला टाळते आहे, पण किती काळजीपूर्वक!"

साहेबांचा आवाज कधी चढत नसे. "जो ओरडतो तो घाबरलेला असतो," हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम. आमचा दूधवाला एकदा दुधात फारच पाणी घालू लागला. भाऊ त्याच्यावर ओरडून थकले. एक दिवस साहेब खाली उतरले, बरणीत डोकावले, दूधवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भैया, बहुत सुंदर दूध है." आणि हसले. दुसऱ्या दिवशी दुधावर बोटभर साय होती.

"काय केलंस रे त्याला?" काकूंनी विचारलं.

"कुछ नहीं, काकू. तारीफ किया."

"अशी तारीफ माझ्या पोराला शिकव जरा."

दुसरा नियम, खलनायकाने सगळ्यांत आधी यावं आणि सगळ्यांशी सभ्य वागावं. "नायक तुमच्या छातीशी तलवार धरतो. तो तुमच्यावर रागावलेला असून चालत नाही."

हा नियम त्यांना आमच्या गणेशोत्सवात उपयोगी पडला. ब्रह्माघाटावरच्या मराठी मंडळींचं दर वर्षी एक नाटक असे. मंडळाचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले होते आणि नाटक लिहिणं, बसवणं आणि त्यात नायक होणं ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाच्या आवाक्यातली नाहीत, अशी त्यांची समजूत होती. त्या वर्षी त्यांना अस्सल इंग्रज मिळाला. त्यांनी लगेच एक मराठा सरदार, एक देऊळ आणि ते पाडायला निघालेला एक गोरा अंमलदार असं नाटक लिहून काढलं. साहेबांनी मला विचारलं, "एखादा भला माणूस नाही का त्यात? म्हातारा पुजारी वगैरे?" मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, गोरा पुजारी कुठून आणू? लोक हसतील." साहेबांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना बहुधा आधी इंग्रजीत मिळालेलं होतं.

तालमींना ते सगळ्यांआधी येत. मराठी संवाद त्यांनी असे पाठ केले की आमच्या मंडळातली, मराठी बोलताना हिंदीत घसरणारी तरुण पोरं खजील झाली. अध्यक्ष प्रत्येक वाक्य ओरडून म्हणत आणि साहेब आपली वाक्यं त्यांच्या कानाशी बोलल्यासारखी म्हणत, त्यामुळे सरदारच अंमलदाराला भ्यालेला आहे असं दिसे. अध्यक्षांच्या ते लक्षात आलं नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी मंडप भरला होता. पुढे म्हाताऱ्या बायका, त्यांत काकू. नाटकानंतर आरती होती, म्हणून गंगाजलाचा तांब्याचा गडू आणि तुळस घेऊन त्या गणपतीच्या मखराजवळच बसल्या होत्या. शेवटच्या अंकात अध्यक्षांची तलवार साहेबांना लागली. आमच्या मंडळात माणसं मरायची ती धाडकन, फळ्यांचा आवाज करून. साहेब आधी नुसते थांबले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कुणाचा तरी पाय पडेल म्हणून बाजूला नीट ठेवली. हाताने धरायला काहीतरी शोधलं, सापडलं नाही, तेव्हा हळूच खाली बसले आणि आडवे झाले. ओठ हलत होते. पोरंसुद्धा गप्प झाली.

अध्यक्षांनी विजयाच्या भाषणासाठी छाती भरून घेतली, तेवढ्यात काकू उठल्या.

"अरे, बघता काय सगळे? गंगा घाला कुणी त्याच्या तोंडात!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत गडू घेऊन त्या रंगमंचावर चढल्यासुद्धा.

"काकू, अहो काकू," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "तो इंग्रज आहे! देऊळ पाडणारा!"

"तू ती तलवार बाजूला घे आधी. लागेल कुणाला."

त्या साहेबांच्या उशाशी बसल्या, त्यांची हनुवटी वर केली, तुळशीचं पान जिभेवर ठेवलं आणि धार धरली. धार तीच, रोजच्या चहाची, फक्त या वेळी गडू ओठांना टेकलेला होता. मेलेल्या साहेबांनी ते पाणी गिळलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग तेही थांबलं. अध्यक्षांचं भाषण त्या वर्षी झालं नाही. त्यांना ते बरेच दिवस लागलं.

घरी परतल्यावर काकूंनी गडू चिंच लावून घासला. मी बघत होतो. घासून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा देवाजवळ ठेवला. "मला काय कळत नव्हतं, नाटक आहे ते?" त्या म्हणाल्या. "पण माणूस तसा पडलेला बघून हात थांबतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कप धरून उभे होते, पण चहा घ्यायला पुढे होत नव्हते. मला म्हणाले, "आजवर मी मेलो की लोक टाळ्या वाजवत. एका गावात तर नाचले होते. तिला विचार, खरोखर मरेन तेव्हा ती येईल का पाणी घेऊन?"

मी विचारलं.

काकू पातेलं वर धरून म्हणाल्या, "येईन की. पण त्याला म्हणावं इथेच मर बाबा, मला फार लांब चालवत नाही आता."

साहेबांनी हा करार फार गंभीरपणे घेतला. काठमांडूला जातानाही ते काकूंना आधी सांगत, मग परत कधी येणार तेही सांगत. काशीत मेल्याने मोक्ष मिळतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नाही. त्यांना फक्त तो गडू हवा होता.

दोन हिवाळ्यांनी त्यांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली आणला नाही. साहेबांना मुलंबाळं नव्हती. लंडनहून पुतण्या आला. चांगला होता, सिनेमातल्या नायकासारखा देखणा, आणि काकांना घेऊन जायचं ठरवूनच आलेला. साहेब म्हणाले, "मी जाणार नाही." पण भाऊ घाबरले होते. परदेशी माणूस घरात वारला तर पोलीस, पंचनामा, दूतावास. "घरात पाठशाळा चालते माझी," ते मला म्हणाले, "तुम्हीच समजवा त्यांना." मला समजवावं लागलं नाही. साहेबांना जेवढं मराठी यायला नको होतं तेवढं येत होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी टोपी झटकली आणि म्हणाले, "खलनायकाने घरमालकाला अडचणीत आणू नये."

गल्लीत गाडी येत नाही. खुर्चीत बसवून दोघांनी त्यांना उचललं. काकू दारात आल्या आणि प्रवासाला निघालेल्याला देतात तसं त्यांच्या तळहातावर दही घातलं, म्हणजे माणूस परत येतो. साहेबांनी ते खाल्लं. मग देवघरातल्या गडूकडे बोट दाखवलं.

"काकू, वो भी."

काकूंना कळलं. त्यांनी मान हलवली. "अंहं. ते आत्ता नाही. परत ये, मग."

साहेबांनी हट्ट केला नाही. वळणावर खुर्ची दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा तळहात तसाच उघडा होता.

माघात गल्लीच्या तोंडावरच्या फोनच्या दुकानात पुतण्याचा फोन आला. साहेब वारले त्याला पंधरवडा होऊन गेला होता. इस्पितळात, पहाटे, जवळ कुणी नसताना. तिकडच्या पेपरात फोटो छापून आला होता, असं तो म्हणाला. मगरीबरोबरचा.

मी काकूंना सांगितलं. त्यांनी काठी घेतली आणि त्या घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या. नातेवाइकाच्या मरणाची बातमी लांबून, उशिरा कळली की नेसत्या वस्त्रानिशी स्नान करतात. भाऊ मागे धावले. "आई, अगं थंडी बघ. त्याचं सुतक आपल्याला कसं लागेल?"

"तुला नसेल लागत," काकू म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

वर आल्या तेव्हा थरथरत होत्या. मी शाल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. ओलं लुगडं तसंच निथळत होतं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"मी दही दिलं रे त्याला. तो पाणी मागत होता."