बाबांपुरती एक पायरी

कोपरीतल्या शुभदाताई खांबेटे अक्षय्य तृतीयेच्या आधी आंब्याला तोंड लावत नाहीत. आधी पितरांच्या पानावर आंबा ठेवायचा, मग घरच्यांनी खायचा, ही त्यांच्या सासरची रीत. बाईंनी ती लग्नानंतर जी धरली ती धरली. कोणी समोर पेटी उघडली तरी वास घेऊन झाकण लावायच्या. त्यांचे यजमान श्रीपादराव मात्र या बाबतीत अगदीच पाखंडी. मंडईतून येताना वाटेतच एखादा पायरी आंबा चोखायचे आणि शर्टावर डाग मिरवत "मी कुठे खाल्ला?" म्हणून वर तोंड करून विचारायचे. शुभदाताई रागवायच्या आणि निमूटपणे डाग काढायला बसायच्या.

परदेशात आंबे न्यायची खोड मूळची श्रीपादरावांची. त्यांची बहीण मैथिली मस्कतला होती, तेव्हा नवरा-बायको मे महिन्यात पेटी घेऊनच विमानात चढायची. तिथला कस्टमचा माणूस पेटी हुंगायचा, हसायचा आणि जा म्हणायचा. एकदा तर श्रीपादरावांनी त्याच्याच हातावर आंबा ठेवला. मैथिलीच्या घरी कॉटखाली आंबे पसरले की शेजारचे मल्याळी, सिंधी आपोआप चहाला यायचे. ते दिवस आठवले की शुभदाताईंना अजून हसू येतं. भेट म्हणून नेलेलं फळ कोणी अडवत नाही, ही त्यांची पक्की समजूत तेव्हापासूनची.

गेल्या दिवाळीनंतर श्रीपादराव अचानक गेले. मुलगा सलिल मेलबर्नहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढचे विधी त्याने केले, बँकेत खेपा घातल्या, पण डोळ्यातून टिपूस नाही. नातेवाईक कुजबुजले. आईला मात्र दिसत होतं, पोराच्या आत काहीतरी घट्ट बसलंय. बापाचं शेवटचं दर्शन नाही, तोंडात पाणी घालायला मिळालं नाही. म्हणून श्रीपादरावांची ही पहिली अक्षय्य तृतीया मेलबर्नला करायची आणि सलिलच्या हाताने त्यांच्या पानावर पायरी ठेववायची, असं शुभदाताईंनी मनाशी ठरवलं. तेवढं झालं की पोर मोकळं होईल.

"आई, आंबाबिंबा आणू नकोस हां," सलिल फोनवर म्हणाला. "इथे फार स्ट्रिक्ट आहेत."

"अरे, पेटी कुठे आणतेय? एकच पायरी, बाबांपुरती."

"एकपण चालत नाही गं."

"बघू." आपल्याकडे बाई 'बघू' म्हणाली की समजावं, ठरलेलं आहे.

तर ती पायरी श्रीपादरावांच्या मफलरात गुंडाळून पर्समधून निघाली. विमान उतरायच्या आधी सूचना झाली, फळं असतील तर इथेच संपवा. शेजारच्या सीटवर घोडबंदर रोडची अंतरा नावाची मुलगी होती, मेलबर्नला नोकरीवर परत निघालेली.

"काकू, खाऊन टाका ना. खाली गेल्यावर फेकायलाच लावतील."

"अगं, अजून ह्यांना दिला नाही. मी कशी खाऊ?"

अंतराने मग काकूंचा कस्टमचा फॉर्म भरून दिला. फळ आहे का, या प्रश्नापुढे शुभदाताईंनी 'हो' लिहायला लावलं. पितरांचा आंबा काय चोरून न्यायचा?

तपासणीच्या टेबलावर हातमोजे घातलेली एक तरुण बाई होती. शुभदाताईंनी पोस्टाच्या नोकरीतल्या इंग्रजीत तिला सगळं सांगितलं. नवरा, उद्याचा सण, मुलगा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतंय. पण एका फळातून कीड आली तर इथल्या बागाच्या बागा जातील."

यावर भांडता येईना. शुभदाताईंचं माहेर कोकणातलं. बागेला कीड लागली की घर कसं खचतं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

"मीच टाकते," त्या म्हणाल्या. मफलर सोडला. प्रवासात पायरी पिकून मऊ झाली होती आणि देठाशी फुटून रस ओघळत होता. दोन्ही हातांत धरून त्यांनी ती डब्यात ठेवली. त्या क्षणी त्यांना वाटलं, नवऱ्याला आपण आत्ता दुसऱ्यांदा पोचवतोय.

बाहेर सलिल उभा होता. आईचा चेहरा पाहून तो समजला.

"काढून घेतला ना? किती वेळा सांगितलं होतं तुला." तो वैतागला होता. ट्रॉली ढकलायला त्याने आईचा हात दांडीवरून बाजूला केला आणि तसाच थांबला. तो चिकट तळवा त्याने नाकाशी नेला.

"पायरी?"

"हो रे."

आईचा हात तोंडावर दाबून धरून सलिल तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. लोक ट्रॉल्या वळवून बाजूने जात राहिले. शुभदाताईंनी हात काढून घेतला नाही.